आरशावरचं कुंकू

बाबांना काचबिंदू निघाला तेव्हा मी लगेच कामं वाटून टाकली. डोळ्यांत थेंब घालणं आणि डॉक्टरांच्या फेऱ्या माझ्याकडे, पथ्यपाणी आईकडे. बाबांनी फक्त एक काम सांगितलं. ते आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आले. प्रकाशाचा वेग फळ्यावर किती वेळा काढला असेल, पण स्वतः कधी मोजला नव्हता. डावा डोळा गेलाच होता. उजवा आहे तोवर त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं.

तयारी मी केली. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या दोन विंगांच्या गच्च्या समोरासमोर आहेत. सेक्रेटरींची परवानगी काढली, दोन्हीकडच्या किल्ल्या घेतल्या. आमच्या गच्चीवर मोटारीला जोडलेला छोटा आरसा गरगर फिरणार. त्यावरून लेझरचा किरण समोरच्या गच्चीवरच्या मोठ्या आरशाकडे जाणार आणि परत येणार. तेवढ्यात फिरता आरसा किंचित वळलेला असतो, म्हणून परत आलेला ठिपका जरासा सरकतो. ते सरकणं सूक्ष्मदर्शकातून मोजलं की वेग काढता येतो.

मोठा आरसा दुर्बिणी बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. अशा आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसतो, पुढेच असतो, उघडा. त्याला हात लावायचा नाही, हे बाबांनी मला बजावलं. आईला कोणीच सांगितलं नाही.

बाबांच्या प्रयोगांना आई कायम पसारा म्हणत आली. त्या दसऱ्याला मात्र सुरी, कात्री आणि शिलाई मशीनची पूजा झाल्यावर तिने खोकं उघडलं. आरसा ओल्या फडक्याने लख्ख पुसला, मधोमध हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. म्हणाली, "यंदा म्हटलं यांच्या आरशाचीही करू."

मी आरसा उजेडात तिरका धरला. कुंकवाभोवती मुलामा खरवडून निघाला होता.

बाबांनी तो डोळ्याजवळ नेऊन पाहिला. छान केलंस, असं आईला म्हणाले. मग मला आत बोलावलं. "तिला कळू देऊ नकोस. आरसा मुळातच खराब आला होता म्हण."

दुसरा आरसा यायला थंडी उजाडली. कारागीर एकटाच काम करणारा. मी कितीही फोन केले तरी काच लवकर घासली जाणार नव्हती. तोवर बाबांचं दिसणं कडांकडून आत मिटत गेलं. गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी दर फेरीला मी विचारायचेच.

नवा आरसा समोरच्या गच्चीवर बसवला त्या दिवशी अंधार पडताना आम्ही मोटार सुरू केली. सगळं पहिल्या फटक्यात जमलं. ठिपका सरकलेला मला स्पष्ट दिसला. मग बाबा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ वाकून उभे राहिले.

"सरकलाय, बाबा. मी आकडे वाचते, तुम्ही गणित करा."

"नको गं. दुसऱ्यांनी पाहिलेलं पुस्तकात आहेच."

चाचपडत त्यांनीच मोटार बंद केली.

घरी आल्यावर आईने विचारलं, दिसलं का. उशीर झाला, बाबा म्हणाले. त्यावर ती त्या कारागिराला बोलत सुटली, मेल्याने पहिलाच नीट दिला असता तर म्हणून. बाबा हो हो करत राहिले. बोलता बोलताच तिने ताट वाढलं आणि त्यांचा हात धरून आमटीच्या वाटीवर नेऊन ठेवला.