तेवीस नंबरचं घर

आमच्या इमारतीत बावीस भाडेकरू आणि एक पंपमावशी. ती जिन्याखालच्या खोलीत राहायची, पाण्याचा पंप चालवायची, जिने झाडायची आणि आम्हा सगळ्यांना धाकात ठेवायची. तिचा नवरा इथलाच प्लंबर. तो गेला, तेव्हा मालक 'खोली रिकामी कर' म्हणायच्या आत तिनं नवऱ्याचा पाना उचलला आणि कामाला लागली.

मालकानं सगळी घरं भाडेकरूंनाच विकायची ठरवली, तेव्हा आम्ही हरखलो. मावशी तर जास्तच. पोटाला चिमटा काढून तिनं खोलीपुरतं जमवून ठेवलं होतं. पण मोजणीला आलेल्या इंजिनिअरच्या नकाशात तिची खोली घर नव्हतीच. तिथे 'अडगळ' असं लिहिलं होतं.

"अडगळ?" मावशी कडाडली. "एकोणतीस वर्षं मी काय अडगळीत स्वयंपाक केला?"

"नियम आहे, मावशी," मालकाचा मॅनेजर म्हणाला. "स्वतंत्र दार, स्वयंपाकाचा ओटा आणि राहणाऱ्याच्या नावावर पाण्याची जोडणी. तिन्ही असतील तरच घर. इथे आम्ही स्कूटर लावणार."

दार होतं, ओटाही होता. पाण्याचं नाव निघताच मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

त्याला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी, टंचाईच्या उन्हाळ्यात, मीच भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो, "टाकी रिकामी होतेच कशी? पंप जिच्या हातात, पाणी तिच्या घरात!" माझ्या जिभेला हाड नाही, हे बायको उगाच म्हणत नाही. मावशी दुसऱ्याच दिवशी पाणीखात्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि महिन्याभरात स्वतःच्या नावाचं मीटर दारावर बसवून घेतलं. भाड्याच्या खोलीला कुणी स्वतःचं मीटर बसवतं का? अख्खी इमारत हसली. मालकानंही हसत हसतच परवानगीची सही दिली होती.

आता तिनं इंजिनिअरला दाराशी नेलं. हातातल्या फडक्यानं मीटरची काच पुसली. "वाचा नंबर!" मग ट्रंकेतून पाणीखात्याचा कागद काढला. इंजिनिअरनं तो दोनदा वाचला. मॅनेजरचं तोंड एवढंसं झालं. नकाशावरची 'अडगळ' खोडून इंजिनिअरनं तिथे तेवीस लिहिलं, आणि बावीस घरांनी जिन्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

खरेदीखतावर सही झाली त्या संध्याकाळी मावशी माझ्या दारात आली.

"भाऊ, तुम्ही तेव्हा मला चोर ठरवलं नसतंत, तर आज मी रस्त्यावर असते."

मला लाज वाटली आणि आनंदानं भरूनही आलं. "मावशी, चुकलंच माझं," मी म्हणालो.

"ते राहू द्या. तुमच्या मोरीतला नळ तीन महिने गळतोय." तिनं पाठीमागे धरलेला पाना पुढे काढला. "आता टाकी माझीपण आहे. व्हा बाजूला!"