आप्पांचे मास्तर

कानातली इअरफोनची एक गुंडी काढायची, सदऱ्याच्या टोकाला पुसायची आणि समोरच्याच्या हातात ठेवायची. "मास्तर काय म्हंतोय, ऐक जरा." समोरचा गिऱ्हाईक आहे, कंडक्टर आहे की पोलीस, हे आप्पा बघत नसत. यवतच्या स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. तुम्ही तेव्हा तिथे आला असता, तर तुमच्याही कानात मेंदूवरचं अर्धं व्याख्यान गेलं असतं.

आप्पा कासुर्डीचे. शेवंती-झेंडूचं शेत, मुलगा रांजणगावला कंपनीत. पहिल्यांदा आले तेव्हा फोन पुढे ठेवून म्हणाले, की माणूस कसा विसरतो हे सांगणारं काही असेल तर ह्यात भरून दे, शेतात रेंज नसते. मी वैतागलो. भजनं, कीर्तनं, तमाशे भरून मागणारी माणसं मला ठाऊक होती, हे खूळ नवीन होतं. हाताला लागलेले दोन पॉडकास्ट घालून दिले आणि त्यांना वाटेला लावलं. चार दिवसांनी परत हजर. दोन्ही ऐकून झाले होते, आणि एका मास्तराने दुसऱ्याच्या उलट कसं सांगितलं, याचा जाब ते मला विचारत होते.

मग त्यांचं शिक्षण सुरूच झालं. बोलणारा पुरुष असला की मास्तर, बाई असली की मास्तरीणबाई. फुलं तोडता तोडता ऐकायचे, म्हणून व्याख्यान मिनिटांत मोजत नसत. हे दोन सरीचं झालं, आता पाच सरीचं दे, असा हिशेब. आडोशाला जायचं असलं तरी आधी व्याख्यान थांबवायचे, कारण मास्तर बोलत असताना उठून जाणं बरं दिसत नाही. मी टिंगल करायचो, परीक्षा कधी आहे म्हणून विचारायचो. ते हसायचे. हिंदीतलं काही अडलं की मलाच ऐकायला बसवायचे, त्यामुळे दहावी नापास झालेला मीही स्मृती, अवधान असले शब्द फेकू लागलो.

खरं कारण त्यांनी एकदा गिऱ्हाईक नसताना सांगितलं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विसरण्याचा आजार जडला होता. वार, स्वयंपाक, मुलाचं लग्न, सगळं जात चाललं होतं. "बाकीचं जाऊंदे," आप्पा म्हणाले, "तिला मी वळखू येतो का न्हाई, येवढंच मला कळाय पायजे."

दौंडला एका तरुण डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काकूंना विचारलं, हे कोण, यांचं नाव काय? काकूंनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं आणि कागदावर लिहिलं, की पेशंट नवऱ्याला ओळखत नाही. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडची त्या वयाची बाई परक्या माणसासमोर नवऱ्याचं नाव घेईल का? लग्नातला उखाणा सोडला तर काकूंनी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. आप्पांनी तरी सांगायचं ना तिथे. पण त्यांचीही जीभ उचलली नाही, आणि कागद घेऊन ते थेट माझ्याकडे आले.

"इसरली म्हणून गप बसली, का रीत म्हणून?" त्यांनी विचारलं. "हे सांगणारा मास्तर हाय का बघ." मी पुष्कळ शोधलं. यावर कुणी व्याख्यान दिलेलं नव्हतं.

मग ते स्वतःच परीक्षा घेऊ लागले. रोज सकाळी दारात उभं राहून मी कोण म्हणून विचारायचे. काकू घाबरायच्या, कधी रडायच्या. असं चाललेलं असताना एक दिवस त्यांनी माझ्या हातात गुंडी दिली आणि एका मास्तरीणबाईंचा एवढासा तुकडा तीनदा ऐकवला. बाई सांगत होत्या, की अशा माणसाच्या डोक्यातून घडलेली गोष्ट निघून जाते, पण तिने मनात उठवलेलं सुखदुःख बराच वेळ मागे राहू शकतं. आप्पांनी फोन खिशात घातला. सकाळी एक प्रश्न विचारून आपण तिचा अख्खा दिवस नासवतो, असं म्हणाले. त्यानंतर विचारणं बंद झालं.

दसऱ्याआधी फुलांची घाई होती. आप्पा दुपारी घरी गेले, तर काकूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. हे येत्याल आता शेतातनं." मला सांगताना आप्पा हसत होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? बसलो. मीबी वाट बघितली की."

हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, की आता मी ओळखू आलो म्हणायचं की नाही? मी म्हणालो, मास्तरांना विचारू. त्याहून बरं काही मला सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मार्गशीर्षात आप्पा शेवंतीच्या सरीतच गेले. हृदयविकाराचा झटका. मुलगा पोचला तेव्हा मास्तर अजून बोलत होते.

काकूंना सांगितलं, त्यांनी हंबरडा फोडला. संध्याकाळी विचारू लागल्या, हे अजून कसे आले नाहीत? पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच हंबरडा. रोज सकाळी त्या सवयीने कुंकू लावायच्या आणि भावकीतली कुणीतरी बाई ते पुसायची. का पुसलं म्हणून विचारलं, की पुन्हा सांगणं आलं. दहाव्याला मुलाने मला बाजूला घेतलं. आप्पांनी तुला काय काय ऐकवलं होतं, त्यात यावर काही होतं का, म्हणाला. मी तो तुकडा सांगितला. तो आत गेला आणि म्हणाला, की आता आईला कुणी काही सांगायचं नाही आणि कुंकवाला हात लावायचा नाही. भावकी नाराज झाली.

दिवसातून दहादा काकू ज्यांची वाट बघत होत्या, ते आप्पाच होते. दौंडचा कागद खोटा होता. हे सांगायला मी कुठे जाणार होतो?

गेल्या आठवड्यात भेटून आलो. काकू दारात बसल्या होत्या. कपाळावर कुंकू होतं आणि डोळ्यांना धार. घरात कुणीच त्यांना काही सांगितलेलं नाही, असं सून म्हणाली. मी शेजारी बसलो. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "भाऊ, मला सारखं रडू कशापायी येतंय?"

मला माहीत होतं, मास्तरीणबाईंचा तो तुकडा मी तीनदा ऐकला होता. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, की आप्पा शेतात गेलेत, येतील.

त्यांनी मान हलवली, आणि रडत राहिल्या.