नगरपालिकेचा लिंब

माझ्यासारख्यानं वर्तमानपत्राच्या पुरवणीत कुणाविषयी लिहावं, ही हिंमत कशी झाली ते माझं मलाच कळत नाही. आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिले ते परीक्षेचे पेपर आणि नगरपालिकेला दिलेली निवेदनं. त्या निवेदनांतला एकेक शब्द हबीबचाचांनी ऐकून घेतल्यावरच पुढं गेला, आणि चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं... हेही त्यांना वाचून दाखवतो आहे असं समजून लिहितो.

औरंगाबादला होस्टेलवर मला कार्ड आलं तेव्हा माझी परीक्षा सुरू होती. कार्ड नगरपालिकेतल्या आवक-जावकच्या साळवेभाऊंचं होतं. कार्यालयात लिहितात तसंच, दोन ओळींचं. ‘ठराव मंजूर झाला. हबीबभाई गेले.’ आधी काय झालं, नंतर काय, काही नाही. मी ते कार्ड उलटसुलट किती वेळा पाहिलं असेल... चाचांना ठराव कळला होता की नाही?

जालना जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं. बाजारतळाला लागून चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. उन्हाळा लागला की दुकानापुढं जळालेल्या मोटारींची रांग लागायची. “बोर आटली की मोटार जळते, मोटार जळली की माझी ईद,” असं ते हसत सांगायचे. एका वर्षी मात्र एकाच गल्लीतली तीच मोटार त्यांनी तिसऱ्यांदा वर काढली आणि मालकावर ओरडले, “दर साली पाइप वाढवून राह्यले तुम्ही. अजून किती खाली जाणार? पाताळात नळ बसवलाय का कुणी?” त्याच महिन्यात कळलं की बाजारतळाची जुनी विहीर बुजवून तिथं दुकानांचे गाळे होणार. वर्षानुवर्षं कचरा टाकून लोकांनी ती अर्धी बुजवलीच होती म्हणा.

त्यातून आमचं मंडळ झालं. भाजीवाल्या गयाबाई, एक निवृत्त कंडक्टर, दोन शिंपी, चाचा आणि असेच चार-पाच जण. मागणी साधी होती. जुन्या सार्वजनिक विहिरी बुजवू नयेत आणि नवीन बोर घेण्याआधी त्यांचा गाळ काढावा, असा नगरपालिकेनं ठराव करावा. मी कॉलेजचा म्हणून निवेदन माझ्याकडं आलं. ‘पर्यावरणीय समतोलाच्या व्यापक दृष्टिकोनातून’ अशी सुरुवात करून मी दोन पानं लिहिली. चाचांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“लय भारी लिहिलंस, कॉलेज. पण याच्यात हीर कुठंय?”

मला ते नावानं हाक मारत नसत, कॉलेजच म्हणत. खरंच, दोन पानांत विहीर कुठंच नव्हती. मी शरमून कागद फाडला. दुसरं निवेदन पाच ओळींचं झालं. त्याच्यावर आवकचा शिक्का बसला आणि ते फायलीत गेलं. तिसरंही गेलं. मग एका उन्हाळ्यात मंडळानंच बाजारतळाच्या विहिरीचा गाळ काढायला घेतला. चाचांनी दुकानातला जुना पंप लावला, गयाबाई टोपली देता-घेता सगळ्यांना शिव्या घालत होत्या. विहिरीच्या तळाशी निवळ पाणी लागलं, तेव्हा त्याच आधी गप्प झाल्या.

त्यानंतर चाचा निवेदनाबरोबर त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या न्यायला लागले. दर महिन्याच्या सभेला, पितळी, वर फडकं बांधलेला.

“हबीबभाई, याला आवक नंबर कसा देऊ?” साळवेभाऊ वैतागायचे.

“पिऊन टाका. मंग नंबर कशाला लागतो?”

सभागृहात हशा व्हायचा. एका सदस्यानं विचारलं, “काही औषध टाकलंय का याच्यात?” चाचा अदबीनं म्हणाले, “न्हाई साहेब. गाळ तेवढा आम्ही काढला. तो पायजे असंल तर वेगळा आणतो.” नगराध्यक्षाबाईही हसल्या, पण तांब्याला कुणी हात लावला नाही.

मला अपमान वाटायचा. परत येताना मी म्हणायचो, “चाचा, आता नका नेऊ.” ते तांब्या सांभाळत पुढं चालायचे. भरलेला तांब्या गटारात कधी ओतला नाही. दुकानामागं, घराच्या अंगणात, वीतभर कडुलिंबाचं रोप होतं, त्याच्या बुडाशी हळूहळू ओतायचे. “कागद फायलीत जातो, पाणी बिलकुल वाया जात न्हाई.” मी औरंगाबादला पुढं शिकायला गेलो तोवर ते झाड दुकानाच्या पत्र्याच्या वर गेलं होतं. गल्ली त्याला ‘नगरपालिकेचा लिंब’ म्हणायची.

मागच्या दिवाळीत भेटलो तेव्हा चाचा खाटेवरच असायचे. तांब्या आता गयाबाई नेत होत्या. निघताना म्हणाले, “पेपर बराबर लिही, कॉलेज. अन् पेपरातबी हीर दिसू दे.” तीच शेवटची भेट.

परीक्षा संपल्यावर चाळिसाव्याला गावी गेलो. चाचांच्या मुलीनं, नसीमआपांनी, चहा दिला. विचारायची भीती वाटत होती... तरी विचारलं, “आपा, ठराव चाचांना कळला होता का?”

“तुला कुणीच सांगितलं न्हाई?” त्या लिंबाखालच्या खाटेकडं बघत म्हणाल्या. “साळवेभाऊ सभेतून सायकल हाणत आल्ते. गयाबाई मागं राहिल्या. हँडलला तांब्या उलटा अडकवलेला. ‘झाला, हबीबभाई, ठराव झाला,’ म्हणत राह्यले. अब्बांनी ठरावाचं काहीच विचारलं न्हाई. तांब्या मागितला, आत हात घालून पाह्यला. ‘कोण पिलं?’ साळवेभाऊ म्हणाले, ‘नगराध्यक्षाबाईंनी पेला मागवला. मंग सगळेच पिले. मीबी पिलो.’ अब्बा लय हसले. दोन दिवसांनी गेले, पण त्या दिवशी लय हसले. मला म्हणाले, ‘नसीम, आज लिंबाला उपास.’”