ज्येष्ठात जाड अंगरखा

एम.ए.ला मी मध्ययुगीन कला घेतली तेव्हा आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, हिला दुसरीकडे कुठे ॲडमिशन मिळालेली दिसत नाही. उरलेल्यांनी तसं तोंडावर विचारलं. संत तुकाराम नगरातली मुलं डिप्लोमा करतात, इंजिनियर होतात, हिंजवडीच्या कॅबमध्ये बसून ट्रॅफिकमध्ये झोपा काढतात. जुनी चित्रं बघायला मेट्रो पकडून विद्यापीठात जाणारी मी एकटीच. वडील लवकर गेले होते, दादा आयटीआय करून चाकणच्या एका कंपनीत लागला होता, आणि त्याच्या जिवावर माझे हे लाड चालले होते. मला ते पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच कोणी काही बोललं की मी फणकारायचे.

माझा विषय होता बारामासा. बारा महिन्यांची बारा चित्रं. प्रत्येकात नायक परगावी निघालेला असतो आणि नायिका त्याला अडवते. श्रावणात ती दाटलेले ढग दाखवते, ज्येष्ठात आटलेलं तळं, पौषात शेकोटी. कारण दर महिन्याला नवं, मागणं एकच, या महिन्यात नको जाऊस. आमच्या अभ्यासक्रमात मध्ययुग पार मोगलाई मोडेपर्यंत ताणलेलं होतं, त्यामुळे ही चित्रंही त्यात बसायची.

दादाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास तसाच धरून म्हणाला, "म्हणजे ती बाई वर्षभर नवऱ्याला सांगतेय की शिफ्टला जाऊ नको? शहाणी आहे राव." मग घास गिळून, "आमच्याकडं तीनच ऋतू, तायडे. फर्स्ट, सेकंड आणि नाइट."

त्या दिवसापासून त्याने एक खेळ काढला. शिफ्टला निघाला की उंबऱ्यावर थांबायचं, एक हात चौकटीवर ठेवायचा, मान वळवून नायकासारखं बघायचं आणि विचारायचं, "बोला बाई, कुठला महिना? कारण काय?" मग मी काहीतरी कारण द्यायचे. भाद्रपद आहे, चाकणच्या रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरलेत. आश्विन आहे, आईने कोजागरीचं दूध आटवलंय. तो छातीवर हात ठेवून "हाय!" म्हणायचा आणि जिना उतरून जायचा. आई आतून म्हणायची, कंपनीची बस जाईल, वेड्यांनो. बस कधी चुकली नाही.

पेंट शॉपमध्ये तो फायनल इन्स्पेक्शनला होता. रंगवलेल्या गाड्या ट्यूबलाइटच्या बोगद्यातून पुढे सरकायच्या आणि त्याने वाकून, तिरप्या नजरेने बघायचं, कुठे धुळीचा कण बसलाय, कुठे ओघळ आलाय, कुठे रंग पुन्हा मारलाय. ही सवय त्याला घरीही सुटत नसे. पाहुण्यांच्या नव्या कपाटाकडेही तो तसाच बघायचा, आणि आई त्याला चिमटा काढायची.

एका रविवारी मी त्याला संग्रहालयात नेलं. माझ्या अभ्यासातली बाराही चित्रं तिथे एका भिंतीवर होती. दादा एकेका चित्रासमोर वाकत वाकत ज्येष्ठापाशी आला आणि थांबला. चित्रात तळं आटलेलं, हत्ती सावलीला पडलेला, दासी वाळ्याचा पंखा हलवतेय, नायिकेच्या अंगावर पाण्यासारखी पातळ ओढणी. आणि दारात नायक. दादा काचेला गाल टेकायच्या बेतात होता. पहारेकरी ओरडला.

"तायडे, हा महिना उन्हाळ्याचा ना?"

"हो."

"मग ह्यानं एवढा जाड अंगरखा कशाला घातलाय? कापूस भरलेला दिसतोय."

दोन वर्षं मी ते चित्र बघत होते. हत्ती, तळं, पंखा अशा खुणा मला पाठ होत्या. अंगरखा मी पाहिलाच नव्हता.

"आणि हा माणूसच नंतर घातलाय चित्रात," दादा म्हणाला. "इथं तिरपं बघ. ह्याच्याखाली दाराचा रंग आहे. आधी दार मोकळं होतं. रिवर्क आहे हे."

बाजूला दोन मुली वह्या घेऊन उभ्या होत्या, त्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "दादा, हळू बोल. ही काय गाडी नाही. चित्रकाराची चूक असेल."

"चूक न्हाई," तो म्हणाला, पण आवाज खाली आणून. "चूक झाली तर पार्ट स्क्रॅपला जातो. रिवर्क म्हणजे कुणीतरी ठरवून पुन्हा हात लावलेला असतो. विचार तुझ्या मॅडमना."

मी विचारलं नाही. मॅडम माझ्या मार्गदर्शक, कडक होत्या, आणि त्यांच्यापुढे माझा भाऊ म्हणतो असं म्हणायची मला लाज वाटली. हो, लाजच. प्रबंधात मी एक ओळ टाकली, नायकाचा पोशाख ऋतूशी विसंगत आहे, हा चित्रकाराचा प्रमाद असावा. दादाला 'प्रमाद' म्हणजे काय ते सांगावं लागलं. तो म्हणाला, "बरं."

पौषात शेवटचं प्रकरण द्यायचं होतं. दुपारचा एक वाजला होता, दादाची सेकंड शिफ्ट होती. त्या आठवड्यात दुपारीसुद्धा चांगलीच थंडी पडली होती. त्याने स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि उंबऱ्यावर उभा राहिला. एक हात चौकटीवर. मी मोबाइल उचलून त्याचा एक फोटो काढला, तो एकदाचा जावा म्हणून.

"बोला बाई. कुठला महिना?"

"पौष. जा आता."

"कारण?"

"काही कारण नाही, दादा. जा ना, मला लिहायचंय."

तो कानटोपी कानांवर ओढत राहिला. "लई थंडी आहे गं," म्हणाला. "बुट्टी मारू का आज?"

मी मान वर केली नाही. "जा," म्हटलं.

त्या दिवशी त्याची बस चुकली. दारातल्या त्या दोन मिनिटांमुळे चुकली का, ते मला कधीच कळणार नाही. तो परत वर आला नाही, खालूनच बाईक काढून गेला, आणि चाकणला पोहोचला नाही. बारा महिन्यांची बारा कारणं मला तोंडपाठ होती. पौषाचं तर समोर कागदावर लिहिलेलं होतं.

प्रबंध मी दिला. आई म्हणाली, त्याच्यासाठी दे. मला चांगली श्रेणीसुद्धा मिळाली, आणि त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या तोंडात मारून घेतली. अजूनही दुपारी एकला मी घरी असले की दाराकडे पाठ करून बसत नाही. चौकटीवर हाताच्या उंचीला एक मळकट डाग आहे, तेवढ्या जागी आम्ही नवा रंग दिलेला नाही. कधी कधी आई झोपलेली असली की मी मोकळ्या दाराकडे बघून कारणं सांगते. चैत्र आहे, पन्हं केलंय. आषाढ आहे, रेनकोट फाटलाय. कोणी "हाय!" म्हणत नाही, पण मी सांगून टाकते.

पदवीदान झालं ते पुढच्या उन्हाळ्यात, ज्येष्ठातच. घामाने गाऊन पाठीला चिकटला होता. आई आणि मी पिंपरीच्या एका स्टुडिओत फोटो काढला. दोन दिवसांनी आई एकटीच तिथे जाऊन आली. माझ्या मोबाइलमधला एक फोटो तिने मला न सांगता शेजारच्या मुलाकडून काढून घेतला होता.

आठवड्याने तिने फ्रेम आणून माझ्या हातात दिली. मधे खुर्चीवर आई, सुती पातळात. बाजूला मी, कपाळावर घाम. आणि आमच्या मागे दादा, स्वेटर आणि कानटोपीत, एक हात वर उचललेला. चौकट कापून टाकली होती, त्यामुळे तो हात हवेतच टेकला होता.

मी फ्रेम तिरपी धरली. त्याने शिकवलं होतं तशीच. त्याच्या अंगावर उजेड डावीकडून होता, आमच्यावर उजवीकडून. खांद्याच्या कडेला मागच्या पडद्याचा निळा रंग दिसत होता. तेव्हा मला ते ज्येष्ठाचं चित्र कळलं. चित्रकार चुकला नव्हता. दार मोकळं झाल्यावर कुणीतरी त्याच्याकडे गेलं होतं आणि म्हणालं होतं, ह्याला इथे उभा करा. शेवटचा पाहिला तेव्हा अंगावर जे होतं, त्यातच.

"बग बरं," आई म्हणाली. "मागाहून घातलाय ते कळतंय का गं?"

"नाही कळत."

तिने फ्रेम घेतली, पदराने काच पुसली, परत बघितलं.

"एवढ्या उन्हाळ्यात स्वेटर मात्र बरा दिसंना. स्टुडिओतला पोरगा म्हणत होता, शर्ट घालून देतो. सांगू का त्याला?"

"राहू दे, आई," मी म्हटलं. "त्याला थंडी वाजत होती."