एमबीबीएस, एडीएचडी

माझी फजिती ऐकायचीय? ऐका, पण चहा सांभाळून प्या.

मी डॉक्टर. स्वप्न एकच, हवाई दलात जायचं आणि वैमानिकांच्या तब्येतीचं शास्त्र शिकायचं. अडचणही एकच, एडीएचडी. म्हणजे लक्ष टिकत नाही हो! त्यासाठी रोज गोळी चालू. मेडिकल बोर्ड अशा डॉक्टरला पास करतं का, एवढंच मला कळायला हवं होतं.

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत हवाई दलातले एक निवृत्त डॉक्टर राहतात. शेजारच्या रेहाना खालांची त्यांच्याशी ओळख. ठरवलं, विचारायचं, पण मैत्रिणीच्या नावावर. आधीच नाव कशाला खराब करा?

गेलो दोघी. मी अदबीने सुरुवात केली, "सर, माझ्या एका मैत्रिणीला एडीएचडी आहे..."

"मैत्रिणीने पण केलं?" खाला मध्येच! "अहो सर, आमच्या पोरीने पण केलंय. एमबीबीएस, वर एडीएचडी. माशाल्ला, सगळ्यांना नाही जमत!"

झालं! आई कधीतरी "हिला एडीएचडी आहे" म्हणाली होती. खालांनी ते थेट पीएचडीच्या शेजारी नेऊन बसवलं.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या युनिव्हर्सिटीतून?"

"लहानपणापासूनच आहे, सर," मी म्हटलं. करते काय!

सर खो खो हसले. मग गंभीर होऊन इंग्रजीत नीट समजावायला लागले. नियम, गोळ्या, बोर्ड... त्यांच्या मागे शोकेसमध्ये लाकडी विमान होतं. त्याचं एक चाक गायब! मग हे उतरणार कसं? चाक गेलं कुठे? सोफ्याखाली तर नसेल?

"...कळलं ना?"

"हो सर! थँक्यू सर!"

लिफ्टमध्ये खाला म्हणाल्या, "काय गं, घेतात की नाही?"

"मला काय माहीत? तुम्ही ऐकलं असेल ना?"

"या अल्ला! मला कुठे इंग्रजी कळतं?"

माझ्या आयुष्याचा निकाल सांगून झाला होता आणि मी चाक शोधत बसले होते. रडूच यायला लागलं. परत वर गेलो, बेल दाबली.

सरांनी दार उघडलं आणि आधी माझ्या पायांकडे बघितलं. एका पायात माझी सँडल, दुसऱ्यात त्यांची चप्पल.

"मैत्रिणीला सांग," ते शांतपणे म्हणाले, "गोळी चालू असताना कठीणच आहे. आणि बोर्डापासून लपवू नकोस म्हणावं, तसंही लपत नाही. आता माझी चप्पल दे."