डाव्या कुशीवर

आष्टीकडच्या मेंढपाळ घरातली एक मावशी दरवर्षी आमच्या मेडिकल कॉलेजात एमडीच्या परीक्षेला पेशंट म्हणून यायची. तिच्या हृदयाची झडप आकसलेली होती. त्या झडपेचा आवाज ओळखला की पास. तीन वर्षं वॉर्डात राबलेले आम्ही डॉक्टर परीक्षेत मात्र स्टेथोस्कोप तिच्या छातीवर नुसताच फिरवत राहायचो. मग ती आपणहून डाव्या कुशीवर वळायची, श्वास सोडून धरायची आणि पुटपुटायची, “आता लाव नळी, लेकरा.”

माझी परीक्षा झाल्यावर मी तिचे आभार मानायला गेलो. उठून बसतानाच तिला धाप लागली.

“समद्यायला ऐकू येतंय,” ती म्हणाली, “मग मला बरं कोन करनार हाय?”

सकाळीच परीक्षकांनी उपचार विचारला, तेव्हा मी झटकन म्हणालो होतो, “लगेच ऑपरेशन, सर.”

ते “शाब्बास” म्हणाले होते.