हसायचं ते खाटेवर पडून

आमच्या घरी हसायला बंदी होती. खोटं नाही सांगत. बाबा हसले की त्यांचे गुडघेच जायचे आणि उभा माणूस मटकन खाली बसायचा. दिवसा तर बोलता बोलता, जेवता जेवता त्यांना झोप लागे, बोटं वरणभातात तशीच. लकडगंजच्या आरागिरणीतलं लाकडं मोजायचं काम त्यापायीच सुटलं. फिरत्या पात्याजवळ डुलक्या घेणाऱ्याला कोण ठेवील? लोक आळशी म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. हा आजार आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं, ते गेल्यावर.

एकदा माझ्या कुठल्याशा नकलेवर ते चुलीपाशी कोसळले, हात भाजला. तेव्हापासून आईचा हुकूम सुटला, "तुह्या बाबाले हासवू नको वं." आम्ही त्यांच्यासमोर तोंडं शिवून वावरू लागलो. साठी उलटलेला माणूस, आणि आम्ही त्याच्याभोवती सुतक पाळत होतो.

रात्री मात्र त्यांची झोप तासातासाला मोडे. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकायचो, माझी त्यांच्या शेजारी. अंधारात हळूच आवाज यायचा, "झोपली का वं? लेटून आहो मी, आता कुठी पडतो? सांग ना काही गमतीचं."

पहिल्या पहिल्यांदा सांगितलं मी. शाळेतल्या बाईंची नक्कल, नळावरची भांडणं. खाट कुरकुरेपर्यंत हसायचे. मग माझं मॅट्रिकचं वर्ष आलं, पहाटे उठून अभ्यास करायचा असे, आणि मला या जागरणाचा वैताग येऊ लागला. त्यांनी हाक मारली की मी घोरायचं सोंग घ्यायची. ते एकदाच विचारत, दुसऱ्यांदा कधीच नाही. मग उठून माठातलं पाणी पीत, माझी सरकलेली चादर नीट करत आणि पुन्हा आडवे होत.

आता माझीही झोप मोडते. दिवसभरात काही गमतीचं घडलं की ते मी रात्रीसाठी ठेवून देते. परवा नातवानं माझी कवळी स्वतःच्या तोंडात बसवून पाहिली. हे ऐकून बाबा खाटेवर गडबडा लोळले असते. कोणाला सांगू?

एक गोष्ट फार सलते. मी कधीच घोरत नव्हते, आणि रात्रभर जागणाऱ्या त्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं.